फरिदा मॅडमचा रिकामा डबा

मी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा बोलतोय. पनवेलच्या बाजारातला. दुकानदाराने माझ्या झाकणावर मशीनने 'फरिदा' असं नाव घातलं, तेव्हा झालेल्या गुदगुल्या मला अजून आठवतात.

फरिदा मॅडम म्हणजे इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही बुवा. जवळच्या नेरे गावातल्या एका मुलीची शाळा घरच्यांनी बंद केली, तर या तिच्या ओटीवर जाऊन बसल्या आणि होकार घेऊनच उठल्या. शिक्षकांच्या रजा, पालकांची भांडणं, गळका नळ, सगळं यांच्याच टेबलावर. उपमुख्याध्यापिका कुमुदताई म्हणायच्या, "फरिदा, निदान वेळापत्रक तरी माझ्याकडे दे."

"राहू दे गं. मीच करते, पटकन होतं."

मला भरायचे त्यांचे मिस्टर, झकेरियाभाई. बहारीनच्या नोकरीत स्वयंपाक शिकले आणि परत आल्यावर चुलीचा ताबाच घेतला. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, वर चिरलेला कांदा. अगदी दाबून भरायचे.

पण मधली सुट्टी झाली की मॅडमच्या दारात रांग. शिक्षक तेव्हा मोकळे, म्हणजे मॅडमही मोकळ्या, असा सगळ्यांचा समज. मॅडमचासुद्धा! मी खिडकीत गार होत बसायचो. शाळा सुटली की मॅडम मला मागच्या भिंतीपाशी नेऊन मांजरांपुढे रिकामा करायच्या. भरलेला डबा घरी नेला तर झकेरियाभाईंना वाईट वाटेल ना. मांजरं गलेलठ्ठ झाली आणि मॅडमच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मुलांची नावं विसरायच्या, उगाच कुणावरही डाफरायच्या. मी सगळं बघत होतो, पण डब्याचं कोण ऐकतं?

एका संध्याकाळी मला मोरीत ठेवताना झकेरियाभाईंनी विचारलं, "कालवण कसं झालेलं?"

"मस्त. बोटं चाटत खाल्लं."

त्यांनी माझं झाकण बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "फरिदा, मी मीठ घालायलाच विसरलो होतो. दुपारी स्वतः जेवायला बसलो तेव्हा कळलं."

मॅडम रडायलाच लागल्या. "राजीनामा देते मी. नाही होत आता माझ्याच्याने. शाळेच्या फाटकाशीच पाय अडतात माझे." ज्या बाईचा जीव शाळेत, तिच्या तोंडी हे!

"शाळा सोडून राहवेल तुला?" झकेरियाभाई म्हणाले. "आधी वेळेवर जेव. आणि कुमुद कधीची मागतेय, तिला दे की ते वेळापत्रक."

मॅडमचं मोठेपण मला खरं दिसलं ते दुसऱ्या दिवशी. सगळ्या शिक्षकांसमोर त्या सरळ म्हणाल्या, "मला एकटीला झेपत नाही. मदत करा." मान खाली न घालता म्हणाल्या, याचंच मला कौतुक. वेळापत्रक कुमुदताईंकडे गेलं, पालकांच्या तक्रारी हरेशसरांकडे. मॅडम मधल्या सुट्टीत सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागल्या. माझं झाकण उघडं आहे तोवर कुणी शाळेचा विषय काढायचा नाही, असं ठरलं.

पहिल्याच आठवड्यात कुमुदताईंनी दोन वर्ग एकाच वेळी मैदानावर पाठवले. बाहेर गोंधळ. मॅडमचे हात नुसते शिवशिवत होते, पण त्या भाकरी मोडत बसून राहिल्या. कुमुदताईंनी घोळ निस्तरला आणि पुन्हा तो झाला नाही. राजीनाम्याचं नावही मग कधी निघालं नाही.

आता माझी कडी ढिली झालीय, अंगाला पोचे आलेत. मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्यांनो, तुमच्याही पिशवीत माझा कुणी भाऊबंद असेल. घंटा झाली की उघडा हो त्याला. घरी कुणीतरी वाट बघत असतं.

आमचे झकेरियाभाई अजूनही एखाद्या दिवशी मुद्दाम मीठ घालत नाहीत. मग मधल्या सुट्टीत मॅडम तोंडात घास असतानाच फोन लावतात, "अहो, आज परत मीठ विसरलात?"

"विसरलो गं," ते म्हणतात, आणि मग निवांत स्वतःचं ताट वाढून घेतात.