लेव्ही आणि हिरव्या चिंध्या

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या खासगी मराठी शाळेत गायत्रीबाई इतिहास शिकवायच्या, आणि पुस्तकात नसलेलाच जास्त शिकवायच्या. सध्या सातवीच्या वर्गात एकच नाव गाजत होतं: उरिया लेव्ही. दहाव्या वर्षी घरातून पळून जहाजावर गेलेला, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन नौदलाचा कप्तान. ज्यू म्हणून सोबतचे अधिकारी त्याला पाण्यात बघायचे. सहा वेळा कोर्टमार्शल झालं, नोकरी गेली, तरी गडी भांडून परत आला आणि कमोडोर होऊनच थांबला. पण बाईंचा जीव जडला होता वेगळ्याच गोष्टीवर. खलाशांना चाबकाने फोडून काढायचा रिवाज असताना हा आपल्या जहाजावर चाबूक उचलू देत नसे.

त्यामुळे मुख्याध्यापक सुधाकर सरांच्या चालीची नक्कल करताना वर्गातली मानसी पकडली गेली आणि सरांनी पाच छड्यांचा हुकूम सोडला, तेव्हा बाई आडव्या आल्या. "माझ्या वर्गात छडी नाही."

मग शिक्षा काय? बाईंना लेव्हीच आठवला. अधिकाऱ्याची नक्कल करणाऱ्या एका पोराला त्याने फटके न देता डांबराने पोपटाची पिसं चिकटवली होती. बाईंनी हस्तकलेच्या पेटीतल्या हिरव्या चिंध्या काढल्या आणि डिंकाने मानसीच्या पाठीवर चिकटवल्या. सुरतेत चिंध्यांना काय तोटा! वर्ग पोट धरून हसला, बाईही हसल्या. मानसी हसत नव्हती, हे काही त्यांनी पाहिलं नाही. त्या पिसांपायी लेव्हीवर खटला चालला होता, हेही त्या सोयीस्कर विसरल्या.

दुसऱ्या दिवशी मानसीचा बाप योगराज मागावरची पाळी सोडून नवागामहून आला. सरांच्या खोलीत बाईंसमोर पोरीला उभं करून म्हणाला, "बाई, नाव टाकतांना मी काय सांगेल व्हतं? चामडी तुम्हनी, हाडके आम्हना. तुम्ही मारतात ते मी एक शबद नई बोलतू. पन चिंध्या काब्र चिटकाड्यात? पोर कालपाईन जेवनी नई."

योगराजच्या मूळच्या खानदेशातली ही जुनी रीत. पोर शाळेत सोपवताना मास्तरला कातडं बहाल करायचं आणि हाडं तेवढी शाबूत मागायची.

बाईंचा चेहरा पडला. छडीवर भांडायला त्या तयार होत्या, चिंध्यांवर नव्हत्या. त्या मानसीजवळ गेल्या. "चुकलं माझं. चारचौघांत तुझं हसं करायला नको होतं." मानसीने मान वर केली नाही. बाईंना स्वतःची लाज वाटली.

सुधाकर सर मात्र खूश झाले. कपाटातली छडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "झालं तर! वडील हजर आहेत. पाच द्या आणि विषय मिटवा. नाहीतर उद्यापासून येऊ नका." बाईंची नोकरी कंत्राटी होती, घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. योगराजनेही मान डोलावली.

बाईंचे कान तापले. "योगराजभाऊ, चामडी माझी म्हणालात ना? मग ती माझी. तिला सर हात लावणार नाहीत, मी लावणार नाही, आणि घरी तुम्हीही लावायचा नाही. एकदा दिलं ते दिलं."

योगराजची डोलणारी मान थांबली. बापजाद्यांपासून चालत आलेलं ते बोलणं आजवर कुणी असं खरं धरलं नव्हतं.

"आणि सर, मी उद्या येणार. काढायचं तर लेखी काढा. चिंध्यांसाठी काढलंत तर मुकाट्याने जाईन. पण चिंध्यांचं तुम्हाला काहीच वाटलेलं नाही. खरं कारण लिहा: छडी उचलली नाही म्हणून. खाली सही करा, शिक्का मारा."

सरांनी पेन उचललं आणि तसंच धरून बसले. मुलांना मारणं कायद्याने बंद आहे, हे त्यांच्याच शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं.

योगराजने खुर्ची पुढे ओढली आणि तो सरांच्या समोर बसला.

"लिखा ना सर," तो म्हणाला. "आम्हीबी वाचसूत."