दोन जाळ्या आणि एक फॉरवर्ड

फुटबॉलच्या टीमला बैलबाजाराची रीत लावू नये, एवढं साधं शहाणपण मला बावन्नाव्या वर्षी आलं. तेही उशिराच आलं.

मी माणिकराव. शेलूबाजारला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि चौदा वर्षांपासून गावाची फुटबॉल टीम चालवतो. लोक याला माणिकरावाचं खूळ म्हणतात. म्हणोत. शर्ट माझे, बॉल माझे, पोरांना जिपात कोंबून वाशीमला नेणारा मी. त्यामुळे टीम माझी, आणि टीममधली पोरंही माझीच, असं मी धरून चाललो होतो. पाणी मुरत होतं ते इथंच.

या वर्षी आमची पंचाईत अशी की गोल करणारा कुणी नव्हता. मागे मात्र चार बॅक, एकाहून एक. त्यांतला प्रसेनजित तर असा, की तो उभा असला म्हणजे आमचा गोलकीपर शेंगा खात बसला तरी चालावं. बावीस वर्षांचा पोरगा, लाइनमनच्या हाताखाली कंत्राटी कामाला. सहा वर्षं माझ्याकडे खेळला, पण मला हे पाहिजे, ते पाहिजे, असं एकदाही म्हणाला नाही. चारातला एक गेला तरी तीन उरतात, असा मी हिशेब केला. जिल्हा स्पर्धेत नियमच आहे, यादी जाण्याआधी दोन टीमना एकेक खेळाडू बदलून घेता येतो. अनसिंगची टीम चालवणाऱ्या हरीओमकडे सेवालाल नावाचा फॉरवर्ड होता. बचावाला मात्र हरीओमकडे सगळं रानच मोकळं.

आम्ही भेटलो बैलबाजाराच्या कडेला, चहाच्या टपरीवर. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातांवर दुपट्टा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात. हरीओमनं गमतीनं दुपट्टा पसरला. मला काय, थट्टेत मागे राहायची सवय नाही. मी हात घातला. त्याचं एक बोट दाबलं, म्हणजे प्रसेनजितच्या बदल्यात सेवालाल. मग आणखी दोन दाबली.

"हे दोन कायचे बाप्पा?" हरीओम मोठ्यानं म्हणाला.

"गोलच्या जाळ्या. तुह्याकडं नव्या हायेत ना, त्या."

"लय महाग हाय तुहं जनावर."

"दात पाहून घे पायजे तं," मी म्हटलं. "सहा वरसं जुतलं, एक दिवस लंगडलं नाई."

सगळी टपरी हसली. सगळ्यात जास्त मी हसलो. हे मला लिहावंच लागेल.

प्रसेनजितला मी वेगळंच सांगितलं. हरीओम तीनदा येऊन गेला, हात जोडले, मी नाहीच म्हणत होतो, पण तुझं भलं होत असेल तर आडवं कशाला यावं, आता शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. असं बरंच. तो ऐकून घेत राहिला. मग त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, इथी बॅकले कोन खेळन?"

"तिघं हायेत ना. तू कायले फिकर करतं?"

तिघं होते खरे. त्यांतला एक पंधरा दिवसांत पुण्याला कंपनीत लागला. दुसऱ्याचा पाय मुरगळला. तिसऱ्याची पोलीस भरती जवळ आली, तर त्याच्या आईनं मैदानावर येऊन त्याला कॉलर धरून नेलं. राहिला बेंच, तर आमच्या बेंचवर पाण्याचा जार आणि मी. सेवालालनं गोल मारले, नाही असं नाही. पण तो एक मारायचा आणि आम्ही दोन खायचो. रडतखडत कशीबशी बाद फेरी गाठली. माझी बायको वर्षाराणी फुटबॉल पाहत नाही, तरी तिला कळलं. म्हणाली, "पुढचं दार सजवाच्या नादात मांगचं काढूनच देल्लं तुमी."

बाद फेरीच्या आधी अदलाबदल मोडता येते. दोन्ही टीमच्या सह्या लागतात आणि दोन्ही खेळाडूंची तयारी. सेवालाल तर गावी जायला टपूनच बसला होता. मी हरीओमला फोन केला. तो म्हणाला, "पोट्टा येतो म्हणत असन तं ने. मी अडवत नाई." म्हणजे सगळं प्रसेनजितवर आलं. तो मला नाही म्हणणार नाही, ही माझी खात्री. त्या खात्रीवरच मी त्याच्या घरी गेलो.

त्याचे वडील ग्यानबा अंगणात तूर पाखडत होते. चार एकराचा माणूस, मोजकं बोलणारा. त्यांनी मला खुर्ची दिली. अंजनाबाई चहा ठेवायला आत गेल्या. "डीपीवर फ्यूज टाकाले गेला हाय, येतेच इतक्यात," ग्यानबा म्हणाले. मी ताकाला गेलेला माणूस, भांडं लपवत बसलो. तुरीचं कसं काय, थंडी किती, असं दहा मिनिटं चाललं.

मग ग्यानबा सूप थांबवून म्हणाले, "मानिकभाऊ, त्या दिवशी मी तथीच होतो."

"कुठी?"

"टपरीच्या मांगं. म्हातारा बैल इकाले आनला होता. तुमचा आवाज आयकू आला म्हून पायलं."

मी खुर्चीत सावरून बसलो. ते मात्र तुरीकडे पाहूनच बोलत होते.

"बैल वापस घेऊन आलो मंग. गिऱ्हाइकानं दुपट्टा टाकला, पन मले काई हात घालवला नाई त्याच्याखाली."

मी काहीतरी पुटपुटलो. थट्टा होती, तसं मनात नव्हतं, असलंच काहीबाही.

"पोराले सांगतलं नाई मी," ते म्हणाले. "त्याले वाटते, त्याले मांगून नेलं. लय खुश हाय तो. तुमी बी सांगू नका."

एवढ्यात सायकल टेकवून प्रसेनजित आलाच. मला पाहून त्याचा चेहरा फुलला. "जय भीम, भाऊ. तुमी आपल्या घरी?" सहा वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्या घरी आलो होतो. तेही गरज पडली म्हणून.

मी विचारलं. परत येतोस का, हरीओमची हरकत नाही, आपली बचावफळी पार उघडी पडली. तो जमिनीवर बसला, तुरीचे दाणे या हातातून त्या हातात करत राहिला.

"आलो असतो भाऊ. तुमी म्हनलं अन् मी नाई आलो, असं झालं काय कदी?" तो म्हणाला. "पन त्यायनं तीनदा येऊन मांगतलं मले. हात जोडले. मले आजवर असं कोनी मांगतलं नाई. आता मधातच सोडून कसा येऊ? तुमीच म्हनलं होतं ना, शब्द मोडाचा नाई."

माझंच वाक्य. माझ्याच तोंडचं, आणि पुरतं खोटं.

"अन् एक सांगाचं होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "माह्या भल्यासाठी तुमी आपली टीम उघडी पाडून घेतली. मी इसरनार नाई हे."

त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. ग्यानबांनी सांगू नका म्हटलं म्हणून गप्प बसलो, असं चारचौघांत सांगितलं तर ते शोभूनही दिसेल. पण ते खरं नाही. ग्यानबांनी तसं म्हटलं, याचं मला त्या अंगणात बसल्या बसल्या बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते ती दुपट्ट्याची नाही, त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

"त्यात काय एवढं," मी प्रसेनजितला म्हटलं. "आपलाच पोरगा तू."

ग्यानबांनी सूप उचललं आणि माझ्याकडे पाठ करून बसले. अंजनाबाईंनी चहा आणला. पहिला कप त्यांनी मला दिला, आणि मी तो घेतला.