एवढी मोठी गाठ, एवढंसं भोक

पॅकिंगच्या कारखान्यात तिला सगळे 'चौकशी' म्हणायचे. साधी नवी चिकटपट्टी आली तरी ही विचारणार, याचा गोंद कशाचा? म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच नवऱ्याने बजावलं होतं, "आत गप्प बस. त्यांचं काम त्यांना कळतं."

ती बसली गप्प. चांगली पाच मिनिटं बसली.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. गर्भाशयात गाठ आहे, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी. पोटाला तीन बारीक भोकं पाडायची, दुर्बीण घालायची, गर्भाशय आणि गाठ दोन्ही बाहेर. दोन आठवड्यांत घरचं काम सुरू. तेवढंच तिला हवं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना रोज उचलून खुर्चीत बसवायची ती हीच.

"एक विचारू?"

नवऱ्याने छताकडे बघितलं.

"एवढी मोठी गाठ एवढ्याशा भोकातून निघते कशी?"

"आतच तुकडे करतो. मशीन असतं त्याचं. मग एकेक तुकडा ओढून घ्यायचा."

"आत म्हणजे पोटात? नुसतेच?"

तिला आपलं टेबल दिसायला लागलं. थर्माकोल कापायला घेतला की दाणे उडतात. बाहीला, केसांना, पापणीला चिकटतात. घरी येऊन आंघोळ केली तरी कानामागे एखादा सापडतोच. म्हणून ती तुकडा मोठ्या पिशवीत घालायची आणि पिशवीतच हात घालून कापायची. कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं झाडू मारून मारून सुचलं होतं.

"मग बारीक कण आत उरत असतील की."

"उरू शकतात. गाठ साधी असेल तर सहसा बिघडत नाही."

"आणि साधी नसली तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अशा गाठीत कधीकधी कॅन्सर लपलेला असतो. काहीशे बायकांत एखादीच्या. वय वाढतं तशी शक्यता वाढते. आणि काढायच्या आधी तो खात्रीने ओळखेल अशी तपासणी नाही. सोनोग्राफीत दोन्ही प्रकारच्या गाठी सारख्या दिसू शकतात. तो असला आणि आपण तुकडे केले, तर पोटभर पसरू शकतो."

"हे तुम्ही सांगणार कधी होता?" नवरा म्हणाला. आणि म्हणे गप्प बस.

"सहीच्या कागदावर आहे. पण आधी तोंडाने सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"पिशवी नाही का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"कसली?"

"आत घालायची. पिशवीत कापायचं, म्हणजे सांडत नाही."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आहे तशी पिशवी. पण तीही गळू शकते, फाटू शकते. तुमचं वय एक्कावन्न, गाठ अजून वाढतेय. मला विचाराल तर पोट उघडून अख्खीच काढू. फक्त मग सहा आठवडे वजन उचलायचं नाही."

"सासू वजनात धरायची?"

"धरायची."

तिने नवऱ्याकडे बघितलं.

"आई माझी आहे," तो म्हणाला. "उचलीन मी."

गाठ अख्खी निघाली. तपासणीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागणार होते. दवाखान्यातून घरी सोडल्यावरचे दिवस तिने पोटाला पट्टा बांधून, पलंगावरून नवऱ्याची कसरत बघण्यात काढले. पहिल्या दिवशी त्याने सासूबाईंना खुर्चीत असं टाकलं की त्या म्हणाल्या, "हळू रे, मी काय कपाट आहे?" चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली. त्याने बायकोला विचारलं, "तू हे इतकी वर्षं कसं करत होतीस?"

"आता विचारतोयस होय."

रिपोर्ट त्यानेच आणला. दारातच वाचून दाखवला. साधी गाठ. कॅन्सर नाही. मग कॉटच्या कडेला बसून त्याने दोनदा तोंड पुसलं.

"म्हणजे एवढी मोठी चीर उगाचच," तो म्हणाला.

"उगाच कशी? आधी कुणाला माहीत होतं?" तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "पण मला सांग, एवढी मोठी गाठ, त्यांनी कुठकुठून तपासली असेल? कोपऱ्यातलं काही राहिलं तर?"

नवऱ्याने खिशातून फोन काढला.

"थांब," तो म्हणाला, "लावून देतो. तूच विचार."