पाय खाली, हात टेबलावर

मित्रांनो, जुन्या वस्तूने एका जागी बसून, संथ आवाजात आपली कहाणी सांगावी अशी अपेक्षा असते. माझ्याकडून ते होणार नाही. मी फिरती खुर्ची आहे, आणि एवढं बोलेपर्यंत मी थोडी डावीकडे सरकलेसुद्धा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाच चाकं, एक दांडा, काळं रेक्झिन आणि उंची कमी-जास्त करायला उजव्या हाताशी एक खटका. तपासणाऱ्या कारागिराने मला जोरदार गिरकी दिली. मी बराच वेळ थांबले नाही, म्हणून तो खूश झाला. न थांबल्याबद्दल शाबासकी मिळते, अशी माझी समजूत तिथेच झाली.

सुरुवातीला मी एका विमा कचेरीत साहेबांकडे होते. साहेब माझा उपयोग मुख्यतः लोकांकडे पाठ फिरवायला करत. कुणी तक्रार घेऊन आलं की ते खिडकीकडे वळत आणि तक्रार संपल्यावर परत येत. 'काय मऊ फिरते!' असं ते सगळ्यांना सांगत. मग ते निवृत्त झाले. नव्या साहेबांना उंच पाठीची खुर्ची हवी होती. मी जिन्याखाली गेले आणि माझ्यावर जुन्या फायली चढल्या. फायली हलत नाहीत. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही.

तिथून मला मॅडमनी नेलं. मॅडम मानसशास्त्रज्ञ. एखाद्या मुलाला वाचन का जमत नाही, एखादीचं लक्ष का टिकत नाही, मूल नेमकं कुठे अडतंय, हे तपासणं त्यांचं काम. खोली लहान. मध्ये टेबल, पलीकडे मुलासाठी लाकडी खुर्ची, अलीकडे मी. भिंतीवर चित्र नाही, कारण चित्र असलं की मुलं चित्र बघतात. मॅडमच्या चेहऱ्यावरही काही नाही. उत्तर बरोबर की चूक हे मुलाला कळू द्यायचं नाही, असा या कामाचा नियम. मूल विचारायचं, "बरोबर?" मॅडम म्हणायच्या, "छान प्रयत्न करतोयस." मूल काय समजायचं ते समजायचं.

आणखी एक नियम होता तो मॅडमचा स्वतःचा. "पाय खाली, हात टेबलावर." सगळ्यांना सारखं बसवलं तर सगळ्यांचं सारखं मोजता येतं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला पटतं. फक्त हे सांगताना मॅडम माझ्यावर बसून डावी-उजवी, डावी-उजवी अर्धी गिरकी घेत असत. मुलाची चुळबुळ टिपून घेताना तर जास्तच. त्यांना याची खबर नव्हती. मला होती, पण खुर्चीला कोण विचारतं!

थांबा, जरा उजवीकडे येते. हं.

एके दिवशी भिंगरी आली. घरचे तिला याच नावाने हाक मारत. खोलीत आल्याआल्या तिने खिडकीची कडी, दिव्याचं बटण आणि माझा खटका, तिन्ही हाताळून पाहिले.

"मॅडम, ही जेवते ती उभ्याने," तिची आई म्हणाली. "एक घास इथे, दुसरा गॅलरीत. शाळेत बाकावरून पडली. बाक जमिनीला पक्का बसवलाय हो, तरी पडली!"

"शाळेचं म्हणणं काय?"

"हिला कळतच नाही म्हणतात. तुमचा अहवाल बघून ठरवणार. नाहीतर पुन्हा त्याच वर्गात."

"आणि चिमी पुढच्या वर्गात," भिंगरी म्हणाली. "मग डबा कुणाबरोबर खायचा?"

यावर छान प्रयत्न करतेयस असं म्हणता येईना, म्हणून मॅडमनी कागद पुढे ओढले. आई बाहेर जाऊन बसली.

"पाय खाली, हात टेबलावर. मी आकडे सांगेन, तू उलट्या क्रमाने सांगायचे. सात, दोन, नऊ, चार."

भिंगरीने टेबलाची कड घट्ट धरली. ओठ आवळले. पाय एकमेकांत अडकवून दाबून ठेवले. ती बसत होती. तिची सगळी ताकद त्याच कामात चालली होती.

"चार... नऊ... चार?"

लागोपाठ दोन चुका झाल्या की तो भाग थांबवायचा, हाही नियम. दुसरी चूक झाली, भाग थांबला. मॅडमनी गुण लिहिले, खाली 'सतत चुळबुळ' असं लिहिलं आणि एक गिरकी घेतली. मग मधली सुट्टी देऊन त्या पाणी प्यायला गेल्या.

दार लोटल्याबरोबर भिंगरी माझ्यावर! पायाने टेबलाला असा काही रेटा दिला, की मला कारखाना आठवला. आम्ही दोघी गरगरलो. आणि गरगरता गरगरता ती स्वतःशीच म्हणाली, "चार, नऊ, दोन, सात. शी! सोपं होतं."

मॅडम दारात उभ्या होत्या. हातात पेला.

"उतरू?" भिंगरीने विचारलं.

"नको. फिर तू." बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मॅडम लाकडी खुर्चीवर टेकल्या. "खेळ म्हणून सांग हं. आठ, तीन, एक, सहा, पाच."

"पाच, सहा, एक, तीन, आठ. बरोबर?"

मॅडम नियम विसरल्या. "बरोबर!" म्हणाल्या. मग आणखी मोठे आकडे झाले. तिकडे लाकडी खुर्ची मॅडमना टोचू लागली. त्यांनी पाय बदलले, पाठ बदलली, हात मांडीखाली घातले, काढले. भिंगरी फिरता फिरता थांबली आणि अगदी प्रेमाने म्हणाली,

"मॅडम, पाय खाली. हात टेबलावर."

मॅडम आधी हसल्या. मग हसणं मध्येच थांबलं. त्या कधी माझ्याकडे, कधी आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

आईला आत बोलावलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग पुन्हा घ्या ना परीक्षा! आत्ता!"

"नाही घेता येत. हे आकडे आता तिला माहीत झाले. इतक्यात पुन्हा घेतली, तर ती चाचणीच राहत नाही. पहिले गुण तसेच राहणार."

"म्हणजे पोरगी हुशार निघाली, पण कागदावर नापास? वा!"

त्या दिवशी माझ्यावर बसून मॅडमनी अहवाल लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मी इतकी फिरले, की माझाच दांडा तापला. अखेर त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. बसवून ठेवल्यावर काय झालं आणि हलू दिल्यावर काय झालं. बसवण्याचा हुकूम आपला होता, हेही.

मग मुख्याध्यापकांचा फोन आला.

"नाही सर, वर्गात फिरती खुर्ची नकोय. मागच्या भिंतीशी उभी राहून लिहील... हो, इतर मुलंही मागतील. द्या की त्यांनाही... कळत नाही असं मुळीच नाही सर. तिला बसवून ठेवलं आणि न कळल्याचे गुण दिले. शाळेने दिले, मीही दिले."

मॅडमचे पाय माझ्या चाकांवर नाचत होते.

"सहामाहीपर्यंत असं करून बघायचं म्हणता? चालेल सर. पण पुढच्याच वर्गात ना?... चिमीच्याच तुकडीत?"

फोन ठेवून मॅडमनी एक पूर्ण गिरकी घेतली. या वेळी त्यांना ती कळली.

हल्ली कुणी मूल आलं, की कुठे बसायचं ते त्यालाच विचारतात. बहुतेक जण मलाच निवडतात, आणि मॅडमची कंबर लाकडी खुर्चीवर दुखते. माझं रेक्झिन फाटलंय, एक चाक रुसलंय. मला आता विश्रांती द्यावी असं काहींना वाटतं. मित्रांनो, कृपा करून देऊ नका. चाकांत केस आणि दोरे गुंतलेत, तेवढे काढा. दांड्याला तेल द्या. आणि वर्गात तुमच्या शेजारचं कुणी सारखं हलत असेल, तर त्याला दाबून बसवू नका. कदाचित ते कामात असेल.