टांग्यातली पुढची जागा

तुळजाबाईला सवत नव्हती, पण सवतीचा सगळा त्रास तिला यथासांग होत होता. हा त्रास तिनं घरबसल्या, फुकटात कमावला होता. आणि एकदा कमावल्यावर तो कुणी काढून घेऊ म्हणालं असतं, तरी तिनं दिला नसता.

तिचा नवरा कारभारी जालन्याच्या स्टेशनवर टांगा हाकायचा. पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, निजाम जाऊन राज्य बदललं होतं, पण टांग्यात बसायची रीत काही बदलली नव्हती. पुढं हाकणाऱ्याशेजारी एक जागा, मागं दोघा-तिघांची, आणि मागच्यांची तोंडं मागच्या रस्त्याकडं. पुरुष गिऱ्हाईक कुठंही बसायचं. बाईमाणूस मात्र मागंच. पुढं, हाकणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसावं ते फक्त त्याच्या बायकोनं. तुळजाबाई लग्न होऊन आष्टीहून आली ती स्टेशनावरून घरी ह्याच जागेवर बसून आली होती. पुढं लगाम धरलेला नवरा आणि अख्खा बाजार आपल्याकडं बघतोय, अशा थाटात. तिला विचारलं असतं तर राणीचं सिंहासन ते ह्याहून निराळं काय असतं, असंच ती म्हणाली असती.

आणि त्या सिंहासनावर दुसरीच कुणी बसते, ही बातमी तिला दिली तिच्या भावानं, कचरूनं.

कचरू म्हणजे तुळजाबाईचा जीव की प्राण. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. तिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केला. आता तो इथंच जिनिंगमध्ये कामाला होता, दोस्तांबरोबर खोली करून राहायचा. तिनं बापाकडं शब्द टाकून त्याला सायकल घेऊन दिली होती. दर पंचमीला तोच मुऱ्हाळी होऊन तिला माहेरी न्यायचा. परतूरपर्यंत रेल्वे, पुढं आष्टीपर्यंत बैलगाडी. वाटेत कुणी डोळा वर करून बहिणीकडं बघितलं की कचरूच्या बाह्या सरसावल्याच. "माझ्या कचरूसंगं असलं की मला कशाची भीती न्हाई," असं ती आळीभर सांगत असे.

तो त्या दिवशी चहाची बशी ओठाला लावून म्हणाला, "आक्का, सांगू का नको असं हून राह्यलंय."

"सांग की. एवढं काय?"

"दाजी त्या मास्तरणीला पुढं बसवतेत."

"कोन मास्तरीण?"

"नंदाबाई. परतूरच्या पोरींच्या शाळंत हाय. नदीच्या पुलापल्याड कादराबादेत राहती. रोज सांजच्या गाडीनं एकटी येती आन् दुसरे टांगे सोडून दाजीच्याच टांग्यात चढती. मागची जागा रिकामी, आन् बाई पुढं. म्या माझ्या डोळ्यांनं पाह्यलं. लोकं बी हासून राह्यलेत."

एवढं सांगून त्यानं वर आणखी थोडी मीठ-मिरची भुरभुरली आणि सायकलीवर टांग टाकून तो निघून गेला. तुळजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

रात्री भाकरी वाढताना तिनं तोंड उघडलं. "त्या मास्तरणीला पुढं का बसवता?"

कारभारीचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "एकटं माणूस मागं बसलं की गाडी उलाळ होती. मागं वझं, पुढं काहीच न्हाई. घोडीला तरास होतो."

"आन् मिश्रीलाल शेठची बायकू भगवतीदेवी एकटी मागं बसती, तवा न्हाई होत उलाळ? ती तर दोघींएवढी हाय!"

कारभारीनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. तो खाली मान घालून जेवत राहिला. आणि नवरा गप्प बसला की बायकोच्या मनात तो काय काय बोलतो, ते त्याला कधीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं तुळजाबाई नंदाबाईला बघून आली. तिशीची विधवा, अंगावर पांढरं धुवट पातळ, हातात काळी छत्री, मनगटावर घड्याळ. पण तुळजाबाईला खुपली ती तिची चाल. बाई रस्त्यानं अशी चालत होती की जणू कुठं जायचं ते तिचं तिलाच ठाऊक आहे. तिकीट काढते ती, गाडीत चढते ती, उतरते ती. कुणाला विचारणं नाही, कुणाची सोबत नाही. तुळजाबाईला एवढ्या वर्षांत मुऱ्हाळ्यावाचून वेशीबाहेर पाऊल टाकता आलं नव्हतं. आणि हिला सगळं जग मोकळं असताना माझी एवढीशी जागासुद्धा हवी? कानामागून आली आणि तिखट झाली!

रविवारी तिनं देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापुढं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली.

"उचला."

"कशाला देवाला मधी आणती?"

"मनात पाप न्हाई तर उचलायला काय जातं?"

कारभारीच्या ओठांशी काहीतरी येऊन परत गेलं. मग त्यानं बेलभंडारा उचलला आणि म्हणाला, "माझ्या टांग्यात तुझ्याबिगर दुसरी कोणची बाई पुढं बसणार न्हाई. झालं?"

झालं. तुळजाबाईनं त्या दिवशी पुरण घातलं.

पण हेव्याला पुरणपोळी पचत नाही. शपथ झाली तसा कारभारी संध्याकाळी घरी येऊ लागला तो कपाळाला आठ्या घालून. घोडी घामानं निथळत असायची, तोंडाला फेस. तुळजाबाई घोडीच्या पाठीवर हात फिरवायची आणि मनात म्हणायची, एवढी पळवायची घाई कशाची? लवकर कुठं पोचायचं असतं ह्यांना? पुढं बसत नाही म्हणजे बोलत नाही असं थोडंच आहे! विचारलं तर कारभारी, "काय न्हाई," म्हणून घोडीला पाणी दाखवायला निघून जाई.

शेवटी एका संध्याकाळी ती नेसूचं बदलून, कुंकू रेखून टांग्यात पुढं चढून बसली. "घरात कटाळा आला. येते तुमच्यासंगं स्टेशनात."

कारभारी दचकला. "आज नको."

"का? आज काय हाय?"

कारभारीनं नुसता लगाम उचलला. तिचा संशय तिथंच पक्का झाला.

परतूरची गाडी आली. नंदाबाई छत्री घेऊन बाहेर आली, टांग्याजवळ येऊन थबकली आणि हसली. "तुळजाबाई ना तुम्ही? कारभारीदादा बोलतात तुमच्याबद्दल."

दादा म्हणे! तुळजाबाईनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या आणखी जवळ सरकली. "बसा की मागं," ती गोड आवाजात म्हणाली.

नंदाबाईनं पायरीवर पाय ठेवला, पण लगेच चढली नाही. तिनं एकदा पुलाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं, एकदा पुढच्या जागेकडं बघितलं. बघ, बघ, तुळजाबाई मनात म्हणाली, नीट बघून घे. असं सुख तिला कितीतरी दिवसांत लाभलं नव्हतं.

टांगा निघाला. बाजार मागं पडला, जिनिंगची लांब भिंत लागली. तिच्यापुढं कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत वस्ती नव्हती. तिथं मागून सायकलींच्या घंट्या ऐकू आल्या. तुळजाबाईला वाटलं, वाट मागताहेत. पण वाट मिळाली तरी कुणी पुढं जाईना. घंट्या वाजतच राहिल्या, कुणी शीळ घातली, कुणी गाण्याची ओळ म्हटली. कारभारीनं दात आवळून घोडीला चाबूक ओढला. घोडी उधळल्यासारखी सुटली आणि मागं नंदाबाईची छत्री धाडकन पायाशी पडली.

"काय मास्तरीणबाई," मागून आवाज आला, "आता कसं? आता तोंडाला तोंड! पुढं दाजीच्या आडोशाला बसून आमच्याकडं पाठ करत व्हता. आमच्या आक्काला पेटवली, तवा कुठं मागं आलात!"

दोघं-तिघं खो-खो हसले. टपाखालच्या अंधारात पुढं कोण बसलंय, ते त्यांना दिसत नव्हतं.

तो आवाज पाळण्यात रडत होता तेव्हापासून तुळजाबाईच्या कानात होता. त्या आवाजाला तिनं बोलायला शिकवलं होतं.

खरं सांगायचं तर पहिला राग तिला नंदाबाईचाच आला. हिनंच काहीतरी केलं असेल, माझा कचरू असा नाही. मग ती मान वळवून मागं बघायला लागली. नंदाबाई दोन्ही हातांनी दांडी धरून बसली होती. हात सोडले असते तर खाली पडली असती, त्यामुळे तोंड झाकायलासुद्धा तिच्याजवळ हात नव्हता. ती रस्त्याकडं तोंड करून बसली होती आणि रस्त्यावर ते होते. पाठ फिरवायला जागाच नव्हती. आणि कचरू एका हातानं सायकल धरून दुसरा हात तिच्या पदराच्या शेवाकडं नेत होता.

"थांबवा," तुळजाबाई म्हणाली.

"इथं न्हाई. पुलाच्या पल्याड..."

"थांबवा म्हणते न्हवं!"

टांगा थांबला. तुळजाबाई खाली उतरली आणि वळसा घालून मागं आली. कचरूनं पाय जमिनीला टेकला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आक्का... तू?"

तिनं त्याला मारलं नाही. पायरीवर पडलेली छत्री उचलली, पायरी चढून नंदाबाईला लागून बसली आणि डोक्यावरचा पदर मागं सारला.

"हं. आता ये मागं. हिला काय म्हणत व्हतास, ते मला म्हण."

"आक्का, गंमत..."

"म्हण की. मी बी बाईच हाय. मी बी मागंच बसलेय. थांबलास का?"

त्याचे दोस्त कधीच सटकले होते. कचरूनं सायकल वळवली. ती तो चालवत नव्हता, हातात धरून ढकलत निघाला होता.

टांगा पूल ओलांडून गेला. मग तुळजाबाई तोंड न वळवताच नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोल्ला का न्हाईत?"

"तुझा भाऊ. घोडी तुझ्या बापानं दिलेली. आन् सांगितलं असतं तर तू काय म्हणली असतीस? मास्तरणीची बाजू घेऊन राह्यले म्हणून."

ती हेच म्हणाली असती, अक्षरन् अक्षर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुठं मारायची?

"तुळजाबाई," नंदाबाई हळूच म्हणाली, "हे शाळेत कळू देऊ नका. बाईच्या मागं पोरं लागतात असं कळलं की पोरांना कुणी काही म्हणत नाही, बाईलाच घरी बसवतात. माझी आई अंथरुणाला खिळलीय. घर ह्या नोकरीवर चालतं."

तुळजाबाईनं मान हलवली. तिला त्या बाईची कणव आली. आणि हेवा गेला का? नाही, सगळा गेला नाही. हेवा तापासारखा असतो, हळूहळू उतरतो. एवढं सोसूनही ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढते, ह्याचाच आता तिला हेवा वाटत होता.

नंदाबाईला कादराबादेत सोडल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून बाईंना पुढं बसवा."

"कसं बसवू? बेलभंडारा उचललाय. तूच उचलायला लावला."

"मीच सांगते की आता..."

"तू सांगती. खंडोबाला कोन सांगणार?"



दुसऱ्या दिवसापासून तुळजाबाई सांजच्या भाकरी लवकर थापायला लागली. स्टेशनाला जाताना ती नवऱ्याशेजारी बसायची; येताना मागं, नंदाबाईशेजारी, रस्त्याकडं तोंड करून, मांडीवर छत्री आडवी धरून. एक-दोनदा सायकली आल्या, त्या तिचं तोंड बघून मागच्या मागं वळल्या. पुढची जागा रिकामी राहायची. "गाडी उलाळ होऊन राह्यली," असं कारभारी एकदा पुटपुटला. "होऊ द्या," ती म्हणाली.

पंचमी दोन दिवसांवर आली. सकाळीच कचरू दारात उभा राहिला, धुतलेलं धोतर, डोक्याला तेल, नजर खाली. सायकल त्यानं आणली नव्हती.

"आक्का, न्यायला आलोय. बापूनं धाडलंय."

तुळजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. कडेवर वागवलेलं पोर. मग तिनं भिंतीवरची पिशवी काढली, पायात वहाणा घातल्या. तो पिशवी घ्यायला पुढं झाला. तिनं दिली नाही.

"तू जा मागल्या गाडीनं. मी परतूरपातूर नंदाबाईसंगं जाती."

"आन् मी? मुऱ्हाळी मी हाय ना, आक्का?"

"व्हतास," ती म्हणाली. "आता तुझ्यासंगं वाटेनं जायाचं मला भ्याव वाटतं."