भिंतीतून आलेली केबल

दीर दारात उभा दिसला तेव्हा थोरलीला आधी वाटलं, कुणाचं तरी काही बरं-वाईट झालं असणार. भिंत उभी राहिल्यापासून तो या बाजूची पायरी चढला नव्हता. सासू गेल्यावर दोघा भावांनी घराचे दोन भाग केले, मधल्या मोठ्या खोलीत एकेरी विटेची भिंत घातली, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी धाकट्याच्या वाटणीला गेली. तेव्हापासून थोरलीला आपल्या अर्ध्यात थाटलेल्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा, आणि बटण दाबताना तिच्या तोंडून रोज काही ना काही निघायचंच.

"वहिनी, दादा आहे का?" दीर म्हणाला. तो एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. "आमच्याकडे इंटरनेटची नवीन लाइन आलीय. मस्त चालते. म्हटलं, तुमच्याकडेही एक केबल ओढून देतो. दोन घरांना पुरून उरेल."

थोरली काही बोलायच्या आत आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "ओढ की! विचारतोस काय?" तो पुढच्या खोलीत पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याच्या तारेचं वेटोळं हातात तसंच धरून तो बाहेर आला, आणि दोघं भाऊ जणू मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात हसले.

दीर गेल्यावर थोरलीने दार लावलं.

"एवढा प्रेमाचा पान्हा कुठून फुटला म्हणते मी?"

"अगं, भाऊ आहे माझा."

"भाऊ कालही होता."

"तुलाच हवी होती ना चांगली लाइन? रोज कपाळाला हात लावून बसतेस."

ते खरं होतं, आणि तिथेच तर तिला खुपत होतं. थोरली एका हॉस्पिटलचं काम घरी बसून करायची. डॉक्टर तपासणीचा अहवाल बोलून ठेवायचे, ती हेडफोन लावून तो ऐकायची आणि टाइप करायची. पायाखाली एक पेडल होतं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. काम तिच्या हाताला बसलं होतं, पण लाइन दगा द्यायची. फाइल अर्धी जाऊन अडकायची, आणि हॉस्पिटलातल्या बाई विचारायच्या, 'आज तरी पाठवणार आहात ना?' लाइनवाल्यांना फोन करून करून तिचा घसा बसला होता. आता नेमकी तीच गोष्ट कुणीतरी तबकात घालून पुढे करत होतं. आपली नड यांना कळली कशी? तिने तर कुणाकडे तोंड उघडलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दीर ड्रिल आणि केबलचं भेंडोळं घेऊन आला. थोरली हातातली कामं टाकून त्याच्या मागे उभी राहिली. भिंतीला खालच्या बाजूला भोक पडलं, विटेचा लाल भुगा फरशीवर सांडला, आणि पलीकडून केबलचं टोक आत सरकलं. केबलमागे दोन बोटं दिसली. धाकटीची, तिच्या जावेची. बोटांनी केबल नीट पुढे ढकलली आणि ती लगेच मागे गेली. धाकटी शिकवण्या घ्यायची, कॉम्प्युटरसमोर बसून, लांबलांबच्या मुलांना गणित. तिचं टेबल भिंतीच्या बरोबर पलीकडे असणार हे थोरलीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दिराने टेबलाखाली एक छोटी चपटी डबी बसवली. तिला स्विच म्हणतात, म्हणाला. भिंतीतली केबल तिच्यात, आणि तिच्यातून दोन केबली बाहेर. एक थोरलीच्या कॉम्प्युटरला, एक नवऱ्याच्या जुन्याला, ज्यावर तो मोटारींच्या आकृत्या बघायचा. डबीवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

"भाऊजी, माझ्याकडे पेशंटांचे कागद असतात. कुणाच्या नजरेला पडले तर माझी धडगत नाही."

"वहिनी, आपण फक्त इंटरनेट वाटून घेतोय. तुमच्या फाइली तुमच्याकडेच."

इतक्यात पडद्यावर एक चौकट उघडली. हे नेटवर्क घरचं आहे की बाहेरचं, असा प्रश्न होता. दिराने क्षणाचाही विचार न करता 'घरचं' दाबलं.

"हे काय दाबलंत?"

"काही नाही हो. विचारतो तो असं. घरचंच आहे की!"

घरचंच, हा शब्द थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. तिला कुणी विचारलं असतं तर तिने दुसरंच दाबलं असतं.

लाइन मात्र झकास निघाली. फाइल पाठवायचं बटण दाबावं आणि हात काढायच्या आत ती गेलेली असावी. तिकडच्या बाईंनी 'वा!' असा निरोप धाडला. नवरा सारखा विचारायचा, "आता तरी खूश?" पण थोरलीचं लक्ष टेबलाखाली होतं. ती काम करत असो नसो, डबीचे दिवे लुकलुकतच असायचे. एकदा तिने स्वतःचा कॉम्प्युटर बंद केला, नवऱ्याचा तर बंदच होता, आणि ती गुडघ्यांवर बसून बघत राहिली. दोन दिवे विझले, पण भिंतीतून आलेल्या केबलचा दिवा उघडझाप करतच होता.

"अहो, आपण काही करत नाही, मग हा डोळे कुणाला मिचकावतोय?"

"मला काय माहीत? चालू आहे म्हणून लुकलुकत असेल."

"तिकडून कुणी इकडे डोकावत असेल तर?"

"तू हॉस्पिटलात काम करतेस की पोलिसात?" नवरा म्हणाला, आणि दुरुस्त झालेला पंप पोचवायला निघून गेला.

तो गेल्यावर थोरलीने कॉम्प्युटर चालू केला. कुठे काय असतं ते तिला फारसं ठाऊक नव्हतं, पण शोधणाऱ्याला बोट लावायला जागा मिळतेच. 'नेटवर्क' असं लिहिलेलं एक चित्र होतं. तिने ते दाबलं. आपला एकटीचा कॉम्प्युटर दिसेल असं तिला वाटलं होतं, दिसले दोन. दुसरा कुणाचा ते लगेच लक्षात आलं. नावाच्या जागी 'गणित' लिहिलं होतं.

तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग 'गणित'वर दाबलं, आणि ते मुकाट्याने उघडलं.

आत फोल्डर होते. धडे, गृहपाठ, परीक्षा, फोटो. फोटोंत तिने आपलं काही आहे का बघितलं, नव्हतं. सगळ्यांत खाली एक फोल्डर होता. त्याचं नाव होतं 'पलीकडचं'.

थोरली पडद्याजवळ सरकली. पलीकडचं म्हणजे कुणाचं? धाकटीच्या पलीकडे दुसरं आहेच कोण?

आत आवाजाच्या फाइली होत्या, ओळीने. तिने पहिली उघडली, सवयीने हेडफोन चढवला, आणि पाय आपोआप पेडलवर गेला.

आधी धाकटीचा आवाज. "तर अपूर्णांकाचा छेद समान करून घ्यायचा..." मग एकदम ग्राइंडरची किंकाळी. थोरलीच्या नवऱ्याचा ग्राइंडर; तो मोटारीच्या दांड्यावरचा गंज काढत असणार. धाकटी थांबली. "एक मिनिट हं मुलांनो. शेजारी काम चाललंय." मुलं खिदळली. ग्राइंडर थांबला, धाकटीने पुन्हा छेद समान करायला घेतला, आणि पुन्हा किंकाळी.

दुसऱ्या फाइलीत तेच. तिसऱ्या फाइलीत ग्राइंडर नव्हता. भिंतीआडून येणारा, पण शब्दन् शब्द ओळखू येईल असा एका बाईचा आवाज होता. "तिला काय? खिडकीत बसायचं, पावडर थापायची आणि पडद्यासमोर नटायचं! याला म्हणे काम म्हणतात!"

थोरलीचा पाय पेडलवरून उचलला गेला. पोटच्या पोरीएवढ्या पेशंटांच्या वाईट वाईट बातम्या तिने याच कानांनी ऐकल्या होत्या, तेव्हासुद्धा पाय असा मध्येच सुटला नव्हता. स्वतःचा आवाज असा बाहेरून तिने कधी ऐकलाच नव्हता. आणि त्याच्या मागोमाग मुलांचं हसू होतं.

तिने पाय पुन्हा दाबला. फाइलीच्या शेवटी दिराचा आवाज होता, जवळून. "अजून किती गोळा करणार आहेस? एकदा नेऊन दे की नगरपालिकेच्या ऑफिसात. तक्रार लागली की ग्राइंडर गप्प होईल."

असं आहे तर. गोड बोलून केबल ओढायची, घरात पाय घालायचा, आणि मागून नवऱ्याच्या धंद्यावर तक्रार. थोरलीला राग आला आणि त्याच्या तळाशी एक विचित्र समाधानही होतं, की आपलंच खरं निघालं. फाइल तशीच उघडी ठेवून ती टेबलाखाली वाकली, भिंतीतून आलेली केबल उपटायला. तिची बोटं केबलला लागतात न लागतात तोच दारावर थाप पडली.

दारात धाकटी होती. पायांत चपला नव्हत्या. धावत आली असावी.

"जाऊबाई," ती म्हणाली, "ती फाइल तेवढी बंद करता का? मला पुसायची आहे."

थोरली दार अडवून उभी राहिली. "कुठली फाइल?"

"'पलीकडचं'मधली. मी पुसायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, दुसरीकडे उघडी आहे, पुसता येणार नाही. दादा तर आत्ताच पंप घेऊन जाताना दिसले. म्हणजे घरात तुम्हीच."

चोरी कुणी केली आणि पकडलं कुणी, हे क्षणभर दोघींनाही ठरवता येईना. शेवटी थोरली बाजूला झाली आणि धाकटी आत आली. पडद्यावर फाइल उघडीच होती.

"सापडलं म्हणून पुसायला निघालीस," थोरली म्हणाली.

"सापडणार म्हणून. सकाळी हे सहज म्हणाले, वहिनींच्या कॉम्प्युटरवर घरचं नेटवर्क लावलंय, आपले फोल्डरही तिकडे दिसत असतील. तेव्हा मला हे आठवलं. मधे तास होते, ते संपवून लगेच बसले पुसायला." धाकटीने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "खोटं कशाला बोलू? तक्रारच करणार होते. अर्जसुद्धा तयार होता."

"मग केली का नाहीस?"

"कुठल्या फाइली द्यायच्या ते ठरवायला सगळ्या पुन्हा ऐकल्या. एकात तुम्ही फोनवर होतात. लाइनवाल्यांशी. तेच तेच पुन्हा सांगत होतात, आणि शेवटी म्हणालात, 'अहो, माझं काम जाईल हो.' बाकी वेळ तुम्ही ओरडता. तेव्हा ओरडला नाहीत."

थोरलीने मान फिरवली. तो फोन तिला आठवत होता. फोन ठेवून ती बराच वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होती.

"म्हणजे दया आली तर माझी," ती म्हणाली. आवाज पुन्हा चढायला लागला होता. "दया म्हणून केबल दिलीत. तशी असेल तर आत्ता काढून न्या. मला कुणाचे उपकार नकोत."

"दया कसली डोंबलाची!" धाकटीही चढ्या आवाजात म्हणाली. "तुमची लाइन गेली की तुमच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि माझी पोरं छेद समान करायचे सोडून तुमचं ऐकत बसतात. एकाने तर पाठवलेल्या गृहपाठात लिहिलं, 'बाई, आज पलीकडच्या काकू आल्या नाहीत का?' म्हटलं, तुमची लाइन नीट चालली तर निम्मी कटकट आपोआप मिटेल. माझ्या सोयीसाठी दिलीय केबल."

थोरलीने टेबलाखालच्या केबलकडे एकदा पाहिलं. गेले कित्येक दिवस ती या केबलमागचा डाव शोधत होती, आणि हा असला डाव तिला कळत होता. कुणी उगीच प्रेमाने काही दिलं असतं तर तिची झोप उडाली असती. स्वतःच्या सोयीसाठी दिलेली वस्तू तिला घरात ठेवून घेता येत होती.

"पलीकडच्या काकू?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तू काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, काकू कामात आहेत."

थोरलीला हसू आलं. ते तिने दाबून धरलं, पण नाकातून थोडं निसटलंच. धाकटीने ते पाहिलं आणि मग ती खुर्चीत बसली.

फाइल बंद झाली. पण फोल्डर पुसताना आपण स्वतः समोर हवं, असं थोरलीने स्पष्ट सांगितलं. भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदाच ती त्या बाजूला गेली. धाकटीच्या टेबलावर खडूची धूळ होती, पावडरीचा डबा कुठे दिसला नाही. धाकटीने फोल्डर पुसला.

"आणि ती कचऱ्याची पेटी? त्यातून पुन्हा काढता येतं म्हणतात."

"घ्या, तीही रिकामी केली."

"फोनवर कुठे ठेवलं नाहीस ना?"

"जाऊबाई!"

"विचारलेलं बरं असतं."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा थोरलीने त्याला पाणी दिलं आणि सांगून टाकलं की उद्यापासून धाकटीचे तास संपेपर्यंत ग्राइंडर चालणार नाही. तोवर वाइंडिंगचं बिनआवाजाचं काम काढायचं, आणि ग्राइंडरखाली जाड रबर घालायचं. नवऱ्याने फुलपात्र अर्ध्यात खाली ठेवलं.

"दुपारी तर म्हणत होतीस, ते लोक आपल्यात डोकावतायत."

"दुपारी माहिती अपुरी होती."

"आणि आता काय कळलं?"

"तुमचा ग्राइंडर किती घाण आवाज करतो ते कळलं," थोरली म्हणाली, आणि पुढचं काही सांगितलं नाही. फाइलीतल्या आपल्या आवाजाबद्दल तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा गंजलेला दांडा मांडीवर घेऊन, हात बांधल्यासारखा बसला होता. थोरलीच्या तीन फाइली जाऊन चौथी चालू होती. मध्येच तिने हेडफोन उतरवला आणि भिंतीवर टकटक केली.

"झाला का गं तास?"

"झाला," पलीकडून उत्तर आलं.

"अहो, लावा आता," तिने पुढच्या खोलीत हाक दिली. मग नवऱ्याजवळ जाऊन, भिंतीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, "उद्या मात्र घड्याळ लावून बघूया, तास खरंच एवढा वेळ चालतो की आपल्याला उगीच थांबवून ठेवते."