कर्ण्यासमोरची खुर्ची

"तिथं नको. ती आमच्या हिची जागा," बाबा म्हणाले.

हिरानुमा-सान जेमतेम टेकले होते, ते चटका बसल्यासारखे उठले. टोकियोतल्या जुन्या ध्वनियंत्रांच्या दुकानातून ते सकाळच्या गाडीने त्सुरुओकाला आले होते. पन्नाशीचे, सडपातळ. डाव्या मोज्याच्या टाचेला रफू केलेलं होतं. मला हल्ली असलं सगळं दिसतं. माझी मुलगी नाओ झाल्यापासून घरात कोण कसं श्वास घेतंय इकडेही माझं लक्ष असतं.

"माझ्या खुर्चीवर बसा," बाबा म्हणाले. "मी उभा राहतो. ऐकायला काय, खुर्ची थोडीच लागते!"

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या खुर्चीवर उशी अजून तशीच आहे, मधे दबलेली.

बाबांच्या घरामागच्या नदीचा बांध रुंद होणार आहे आणि ही घरांची ओळ त्यात जाते. महिनाअखेर घर रिकामं करायचं, बाबांनी सेंदाईला आमच्याकडे यायचं, हे ठरलंय. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबा कसेबसे मावतील. रेकॉर्ड ऐकायला त्यांनी स्वतः घडवलेले कर्णे मावणार नाहीत. ते कुणीतरी नेले तर वाचतील, नाहीतर घराबरोबर बुलडोझरखाली. पण बाबांची एकच अट होती.

"ज्याला ऐकू येतं त्यालाच देणार. पैसे घेऊन कुणीही येईल."

आधी दोघं येऊन गेले होते. एकाने रेकॉर्ड लावायच्या आत खिशातून टेप काढून मापं घ्यायला सुरुवात केली. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हिरानुमा तिसरे. चौथं कुणी यायचं नव्हतं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्यावर लोखंडी कांडी टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठं गळतोय ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. बढती नाही, बदली नाही. पण 'तोगाशीने इथं म्हटलं की इथंच खणा' असं खात्यात म्हणत. घरी आले की तोच कान कर्ण्यांना. मी प्राथमिक शाळेत असताना त्यांनी या खोलीच्या जमिनीखाली सिमेंटचा, वळत वळत रुंद होणारा बोगदा ओतला. त्याचं तोंड भिंतीत उघडतं, दाराएवढं. हा खर्जाचा कर्णा. सिमेंट आईने कालवलं होतं. तो कुणालाच नेता येणार नाही. नेता येतील ते वरचे दोन: चेरीच्या फळ्या चिकटवून घडवलेला मधला आणि वरच्या स्वरांचा पितळेचा, आणि त्यांच्या घशात बसवलेली जुनी अमेरिकन यंत्रं. बंद पडलेल्या सिनेमागृहातून बाबांनी ती सायकलवरून आणली होती.

आईला संगीतातलं काही कळत नसे. तरी दर रविवारी बाबा तिला समोर बसवत आणि वरचे स्वर कमीजास्त करायच्या बटणाला हात लावून विचारत, "कसं वाजतंय?" आई स्वयंपाकघरातलंच काहीतरी सांगायची. झांज टोचायला लागली की, "तेलात पाणी पडतंय." बरोबर जमली की, "आता तांदूळ धुतल्यासारखं." बाबा हसत. पण बटण तिथंच थांबे.

परवा नाओचं अंग कोमट लागलं. तिच्या काखेत थर्मामीटर लावून मी तिला बाबांच्या मांडीवर दिलं आणि दूध गरम करायला गेले. स्वयंपाकघरात मला त्याची पीं-पीं स्पष्ट ऐकू आली. परत येऊन बघते तर बाबा अजून तिचा दंड दाबून बसलेले.

"वाजलं नाही गं अजून. तुमच्या सेंदाईची यंत्रं भारीच संथ."

नाओला ताप नव्हता. मला मात्र जेवण गेलं नाही.

बाबांनी रेकॉर्ड लावली. पियानो, मोठं तंतुवाद्य आणि झांजेवर हलका फिरणारा ब्रश, एवढेच तिघं. खर्ज जमिनीतून आला, तळपायांना कळला. आणि मग वरून ती झांज आली. कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढावा तशी. मांडीवर नाओने तोंड वेडंवाकडं केलं. मी तिचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले आणि हिरानुमांकडे पाहिलं. त्यांची डावी पापणी प्रत्येक ठोक्याला उडत होती. बाबा डोळे मिटून, मान तिरकी करून उभे होते. कांडीला कान लावताना ते असेच उभे राहत असणार.

"बोला," रेकॉर्ड थांबवून ते म्हणाले. "काय ऐकलंत?"

"असा खर्ज मी आजवर ऐकला नव्हता, तोगाशी-सान. तारेवरून बोट उठतं तेसुद्धा कळतं."

"ते झालं. आणि वरचं?"

"वरचं... जरा उत्साही आहे."

"उत्साही? म्हणजे कसं हो?"

हिरानुमांनी गुडघ्यांवर हात ठेवले, मान खाली घातली. "टोचतं. माफ करा, पण टोचतं."

बाबा मोठ्याने हसले. "ऐकलंस का मिहारु, टोचतं म्हणे! अहो, झांज आहे ती. उशी आपटल्यासारखी वाजवू का? टोकियोच्या गोंगाटात कानाला लोण्याची सवय लागते माणसाला. असू दे. चहा घ्या. आमच्याकडचा मुरवलेला लाल सलगमही खाऊन बघा. परतीची गाडी कधीची?"

त्या चहाचा अर्थ मला माहीत होता. बाबा पाणी ठेवायला आत गेले.

"ताई," हिरानुमा हळूच म्हणाले, "कर्ण्यात काही दोष नाही. एक बटण तेवढं फार पुढे गेलंय. मी पुष्कळ घरं पाहतो. बहुतेक ठिकाणी असंच असतं. वय यंत्रांचं होत नाही हो."

"मग सांगा ना त्यांना."

"मी सांगून बघितलं. मी परका."

किटलीची शिट्टी वाजू लागली. वाजत राहिली. बाबा तिच्या शेजारीच उभे होते, पाठमोरे. सलगम कापत होते. शेवटी मीच जाऊन गॅस बंद केला. बाबांनी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू सांग त्याला," ते म्हणाले. "लहानपणापासून ऐकतेस, कॉलेज शिकलीस. बस आईच्या जागी. एकदा ऐकव त्याला, आणि मग जाऊ दे बापड्याला."

मी नाओला घेऊन आईच्या खुर्चीवर बसले. उशीचा खळगा मला मोठा होता. बाबांनी सुई टेकवली आणि सवयीने बटणापाशी जाऊन उभे राहिले.

'छान आहे बाबा' एवढंच म्हणायचं होतं. हिरानुमा गाडी पकडतील, महिनाअखेरीस कर्णे सिमेंटसकट मातीत जातील, आणि बाबा आपला कान शाबूत घेऊन आमच्याकडे येतील. नाहीतर कर्णे वाचतील. दोन्ही वाचायची काही सोय नव्हती. नाओ हुंदका दाबल्यासारखी हिसके देत होती.

"कसं वाजतंय?" बाबांनी विचारलं.

"तेलात पाणी पडतंय, बाबा."

त्यांचा हात आपोआप फिरला. विचार करायच्या आधीच. मग त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडं."

"अगं, इथं तर काहीच उरत नाही."

"अजून, बाबा."

खोलीतला पत्रा विरघळत गेला. ब्रश गोल गोल फिरू लागला, मऊ, ओलसर, अगदी कानाशी. नाओचं अंग सैल पडलं. हिरानुमांनी डोळे मिटले. इतका सुंदर आवाज मी आईच्या जाण्यानंतर ऐकला नव्हता, आणि तो सुंदर नसता तर बरं झालं असतं.

"आता तांदूळ धुतल्यासारखं," मी म्हणाले.

बाबांचा हात बटणावरच होता. "ब्रश चालू आहे?"

"हो."

"आत्ता? या क्षणी?"

"हो, बाबा."

ते बराच वेळ पितळेच्या कर्ण्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बटणावरचा हात काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"शेवटी शेवटी तुझी आई फार मागे फिरवायला लावायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिचा कान गेला."

नाओच्या पाठीवर मी थोपटत राहिले, ती झोपली होती तरी.

"हिरानुमा-सान," बाबा म्हणाले, "न्या तुम्ही. तुम्हाला ऐकू येतं. किंमत हिच्याशी बोला, मला सांगू नका."

हिरानुमा उठून कमरेत वाकले. चांगलेच खाली, आणि लवकर वर आले नाहीत.

"बसा हो. बाजू संपू दे."

ते बसले. पियानो थांबला, तारा थांबल्या आणि झांज एकटीच राहिली. आवाज थांबला की बाबा नेहमी सुई उचलायला जातात, तसे ते एक पाऊल पुढे झाले. आणि मधेच थबकले. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मग त्यांची नजर हिरानुमांच्या गुडघ्यावर गेली. तिथं एक बोट ब्रशाबरोबर हलत होतं. बाबा त्या बोटाकडे बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांचंही बोट पँटच्या शिवणीवर हलू लागलं, दर वेळी जरासं मागून.